ब्रुकलिनचा काउबॉय : रॅम्ब्लिन जॅक एलियटचे बारा किस्से

डोक्यावर रुंद काठाची हॅट, पायात उंच टाचेचे बूट, गळ्यात गिटार आणि बोलण्यात पश्चिमेकडच्या माळरानांचा हेल. रॅम्ब्लिन जॅक एलियटला पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास समजायचा की हा गडी घोड्याच्या पाठीवरच जन्मला असणार. प्रत्यक्षात साहेबांचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला, तोही डॉक्टरांच्या घरातला! अमेरिकेच्या लोकसंगीतात आणि कंट्री संगीतात ‘अस्सल कोण?’ हा वाद बारमाही चालतो. या वादात जॅकचे नाव निघाले की भलेभले अडखळतात. कारण गावाकडचा एकही धागा नसलेल्या या शहरी पोराने ती परंपरा अशी काही आत्मसात केली, की पुढच्या पिढीला ती त्याच्याकडूनच घ्यावी लागली.

१. पाळण्यातले नाव

एलियट चार्ल्स ॲडनोपॉझ. जन्म १ ऑगस्ट १९३१. ज्यू कुटुंब, वडील अब्राहम डॉक्टर. अशा घरातल्या मुलाने पुढे काय व्हावे, हे त्या काळी कुणाला विचारावे लागत नसे. चिरंजीवांना मात्र स्टेथोस्कोपपेक्षा लगाम प्यारा. ‘ॲडनोपॉझ’ हे काही काउबॉयला शोभणारे आडनाव नव्हे, म्हणून त्याने आधी स्वतःला ‘बक एलियट’ म्हणवून घेतले आणि मग ‘जॅक एलियट’. शाळा ब्रुकलिनचीच, मिडवूड हायस्कूल. तिथून तो १९४९ मध्ये बाहेर पडला. चारच वर्षांनी त्याच शाळेतून आणखी एक नाव बदललेला मुलगा बाहेर पडला. त्याला जग वुडी ॲलन म्हणून ओळखते.

२. माळरान आले मॅनहॅटनमध्ये

काउबॉयचे वेड ब्रुकलिनच्या पोराला लागले कुठून? उत्तर आहे मॅडिसन स्क्वेअर गार्डन. आज बास्केटबॉल आणि बॉक्सिंगसाठी प्रसिद्ध असलेल्या या नावाच्या सभागृहात तेव्हा दरवर्षी मोठा रोडिओ भरत असे. बेफाम घोड्यावर टिकून राहायचे, पळत्या वासराला फासात अडकवायचे, उधळलेल्या बैलाच्या पाठीवर काही सेकंद काढायचे, असे सगळे खेळ मॅनहॅटनच्या मधोमध चालायचे. जीन ऑट्रीसारखा सिनेमातला गाणारा काउबॉयही तिथे हजेरी लावी. म्हणजे ‘पश्चिम’ पाहायला पश्चिमेकडे जायची गरजच नव्हती. तिकीट काढले की काम झाले.

३. आदर्शही निघाला तोतया

जॅकला पुस्तकांतून भुरळ घातली विल जेम्स या लेखक-चित्रकाराने. त्याच्या ‘स्मोकी’ या घोड्याच्या कादंबरीला १९२७ चे न्यूबेरी पदक मिळाले होते. हा लेखक स्वतःला मोंटानाचा जातिवंत काउबॉय म्हणवत असे आणि तसे आत्मचरित्रही त्याने लिहिले. तो वारल्यावर पुढे कळले, की हे गृहस्थ मूळचे कॅनडातल्या क्वेबेकचे, मातृभाषा फ्रेंच आणि खरे नाव एर्नेस्त द्युफो! पण गंमत अशी, की त्याने घोडे खरोखर हाकले होते, खरोखर राबला होता. खोटा होता तो फक्त जन्मदाखला. ब्रुकलिनच्या वाचकाने पुढे नेमके हेच करून दाखवले.

४. पळाला रे पळाला

वयाच्या पंधराव्या वर्षी जॅक घरातून निसटला आणि कर्नल जिम एस्क्यू यांच्या फिरत्या रोडिओत दाखल झाला. काम काय, तर घोड्यांची देखभाल. सुमारे तीन महिने चालले हे. मग आईवडिलांनी शोध काढला आणि पोरगा घरी परत आला. पण तेवढ्यात व्हायचे ते होऊन गेले होते. त्या रोडिओतला एक विदूषक फावल्या वेळात गिटार आणि बँजो वाजवून गाणी म्हणायचा, कविता ऐकवायचा. उधळत्या बैलासमोर माकडचेष्टा करणारा हा माणूस जॅकने जवळून पाहिलेला पहिला ‘गाणारा काउबॉय’. घरी आल्यावर जॅकने गिटार हातात घेतली ती कायमचीच. पदवीबिदवीच्या नादाला तो मग फारसा लागला नाही.

५. शोधला गावभर, सापडला गावातच

या कथेतला सगळ्यात झकास योगायोग इथे आहे. जॅकला ओढ लागली वुडी गथ्रीची. ओक्लाहोमाच्या ओकीमा गावात १९१२ मध्ये जन्मलेला हा गायक-कवी म्हणजे धुळीची वादळे, विस्थापित शेतकरी आणि मालगाडीतून फिरणारे मजूर यांचा आवाज. पश्चिमेचा इतका अस्सल माणूस गाठायला किती हजार मैल जावे लागले असते? जॅकला ब्रुकलिनची हद्दही ओलांडावी लागली नाही! वुडी राहायचा कोनी आयलंडच्या परिसरात, म्हणजे ब्रुकलिनच्याच दक्षिण टोकाला. त्याची सासू अलिझा ग्रीनब्लाट ही यिडिश भाषेतली कवयित्री, तीही शेजारीच. वुडीने ज्यूंच्या हनुक्का सणासाठीही गाणी लिहिली, ती याच घरोब्यातून. ज्यू घरातून पळालेला पोरगा पश्चिम शोधत निघाला आणि पोचला अर्ध्या ज्यू घरात.

आणखी एक. ‘धिस लँड इज युअर लँड’ हे वुडीचे सर्वांत गाजलेले गाणे. साऱ्या अमेरिकेच्या भूगोलाचे हे गाणे त्याने लिहिले कुठे? १९४० च्या फेब्रुवारीत, न्यूयॉर्कमधल्या एका साध्या हॉटेलात. तेव्हा ‘शहर विरुद्ध माळरान’ ही भिंत वाटते तितकी पक्की कधीच नव्हती.

६. पाहुणा आला, मुक्कामी राहिला

१९५१ मध्ये जॅक वुडीला पहिल्यांदा भेटला तो इस्पितळात. वुडीला अपेंडिक्सने लोळवले होते. प्रकृती सुधारल्यावर जॅक घरी गेला आणि तिथलाच झाला. आपल्याकडे गुरुगृही राहून विद्या घेतात, तसाच हा मामला. शिकवणी कसली? वुडी वाजवणार, जॅक बघणार. उजव्या हाताने जाड तारांवर सूर काढायचा आणि लगेच बारीक तारांवरून हात फिरवून झणकार भरायचा, म्हणजे एकच गिटार गाणे आणि ठेका दोन्ही सांभाळते. ही चाल जॅकने उचलली. त्याबरोबर कोरडा आवाज, ओळीच्या शेवटी सूर सोडून द्यायची लकब, दोन गाण्यांच्या मधले तिरकस बोलणे, इतकेच काय, उभे राहायची ढबसुद्धा. हा पोरगा माझ्यापेक्षाही जास्त माझ्यासारखा वाटतो, असे खुद्द वुडीच म्हणाला होता म्हणे. ते कौतुक होते की चिमटा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

७. चेल्याने गुरुपुत्राला शिकवले

या नकलेची किंमत पुढे कळली. वुडीला हंटिंग्टन हा आनुवंशिक मेंदूविकार होता. १९५२ मध्ये निदान झाले आणि हळूहळू हात, वाचा, चाल सगळेच त्याच्या ताब्यातून जाऊ लागले. १९६७ मध्ये वारला तेव्हा त्याने कित्येक वर्षांत गिटार वाजवलेली नव्हती. तरुण पोरे त्याला भेटायला इस्पितळात येत, पण त्यांना वुडी दिसायचा, ऐकू यायचा नाही.

ऐकायचाच तर जॅककडे जावे लागे. वुडीचा मुलगा आर्लो वडील आजारी पडले तेव्हा पाच वर्षांचा होता. बापाची गायकी आपल्यापर्यंत जॅकमार्फत आली, हे आर्लोने पुढे जाहीरपणे मान्य केले. रक्ताचा वारस शिकला तो घरी राहायला आलेल्या परक्या पोराकडून. ‘अस्सलपणा’चे दाखले मागणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर लक्षात ठेवावा. जॅकने तेव्हा नुसती नक्कल न करता ‘स्वतःचे वेगळेपण’ जपत बसायचे ठरवले असते, तर वुडीच्या वादनातल्या कितीतरी बारीकसारीक जागा फक्त जुन्या तबकड्यांतच उरल्या असत्या.

८. फलाटावरचा श्रोता

१९५५ मध्ये जॅकने जून नावाच्या तरुणीशी लग्न केले आणि दोघे गिटार घेऊन युरोपला निघाले. लंडनमध्ये त्या वर्षअखेरीला ॲलन लोमॅक्सच्या ‘द बिग रॉक कँडी माउंटन’ या नाटकात तो गायला. दिग्दर्शन जोन लिटलवुडचे. टॉपिक या ब्रिटिश कंपनीने त्याची पहिली तबकडी काढली, ‘वुडी गथ्रीज ब्लूज’. आकार नेहमीपेक्षा लहान, अवघा आठ इंच. बँजोवाला डेरॉल ॲडम्स येऊन मिळाल्यावर ही जोडगोळी युरोपभर रस्त्यांवर आणि कॅफेंमधून गात फिरली. खुद्द अमेरिकेत ज्याला फारसे कुणी ओळखत नव्हते, त्याला इंग्लंडमध्ये मात्र ‘खराखुरा अमेरिकन काउबॉय’ म्हणून मान मिळाला. इंग्रज प्रेक्षकांना ब्रुकलिन आणि वायोमिंग यांतला फरक काय कळणार!

याच काळात रेल्वेच्या फलाटावर गाणाऱ्या जॅकला एका शाळकरी मुलाने पाहिले आणि जाऊन गिटार विकत घेतली, असा किस्सा सांगतात. मुलाचे नाव मिक जॅगर. किस्सा जॅकच्या चाहत्यांना भारी आवडतो. त्याचा उत्तरार्ध तर तबकडीवरच नोंदलेला आहे : १९६८ च्या ‘यंग ब्रिगहॅम’ या अल्बममध्ये जॅकने रोलिंग स्टोन्सचे ‘कनेक्शन’ गायले.

९. भटकंती पायांची नव्हे, जिभेची

‘रॅम्ब्लिन’ ही उपाधी ऐकून वाटते, गावोगाव हिंडला म्हणून पडली असेल. हिंडला तो खूपच, पण नावाचे श्रेय जाते गायिका ओडेटाच्या आईला. हा माणूस बोलायला लागला की कुठल्या कुठे जातो, असे त्या माउलीने म्हटले आणि ते चिकटले, असे ओडेटा सांगायची. आणि खरेच होते ते. गाणे तीन मिनिटांचे, प्रस्तावना पंधरा मिनिटांची! त्यात घोडे येणार, शिडाची जहाजे येणार, सोळा गिअरचे ट्रक येणार. ट्रकच्या इंजिनांवर तर तो ड्रायव्हरांशी तासन्‌तास गप्पा मारू शके. श्रोते गाण्यासाठी तिकीट काढत आणि गप्पांसाठी परत येत.

१०. डिलन खुर्चीवरून पडला

मिनेसोटातल्या रॉबर्ट झिमरमन नावाच्या पोराने वुडीचा ध्यास घेतला, नाव बदलून बॉब डिलन केले आणि ‘मी सर्कशी-जत्रांमधून हिंडलेलो आहे’ अशा थापा मारायला सुरुवात केली. मिनियापोलिसमध्ये कुणीतरी त्याला जॅकची ‘जॅक टेक्स द फ्लोअर’ ही तबकडी ऐकवली. आपल्याला जे करायचे आहे ते कुणीतरी आधीच करून बसले आहे, हे कळल्याचा धक्का त्याने आत्मचरित्रात नोंदवला आहे.

१९६१ मध्ये दोघे समोरासमोर आले, तेही वुडीच्या इस्पितळात. त्यानंतर न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमध्ये डिलनला काही जण चक्क ‘जॅक एलियटचा मुलगा’ म्हणू लागले. पुढचा किस्सा गायक डेव्ह व्हॅन राँकच्या मित्रमंडळातला. गप्पांत कुणीतरी सहज बोलून गेले, की जॅक हा ब्रुकलिनच्या ज्यू डॉक्टरांचा मुलगा. हे ऐकून डिलन हसत हसत खुर्चीवरून खाली पडला. सावरून वर आला, कुणीतरी पुन्हा ‘ॲडनोपॉझ’ म्हटले आणि तो पुन्हा टेबलाखाली! त्या वेळी बाकीच्यांना हसण्याचे कारण कळले नाही. झिमरमन हे नाव उघडे पडल्यावर ते कळले.

पुढे दोघांची खाती चांगलीच गुंतली :

• जॅकच्या १९६४ च्या अल्बमवर माउथ ऑर्गन वाजवणारा ‘टेडम पोर्टरहाऊस’ म्हणजे दुसऱ्या कंपनीशी करार असलेला डिलन.

• ९ जून १९६४ च्या रात्री डिलनने ‘मिस्टर टॅम्बुरीन मॅन’ ध्वनिमुद्रित केले, साथीला जॅकचा आवाज. जॅकला शब्द नीट येत नव्हते आणि ती प्रत बाजूला पडली. पण ती फिरत फिरत बर्ड्‌स या बँडच्या व्यवस्थापकाकडे पोचली आणि १९६५ मध्ये त्यांच्या आवृत्तीने पहिला क्रमांक गाठला. मूळ प्रत रसिकांना अधिकृतपणे ऐकायला मिळाली २००५ मध्ये.

• ‘डोन्ट थिंक ट्वाइस’ हे डिलनचे गाणे जॅक गात असताना डिलन मागून उठला आणि हे गाणे आता तुझे, अशा अर्थाचे काहीतरी म्हणाला. हा प्रसंग जॅक मैफलींत रंगवून सांगायचा.

• १९७५ मध्ये डिलनने ‘रोलिंग थंडर रिव्ह्यू’ हा गायकांचा तांडा बाहेर काढला तेव्हा त्यात जॅक होताच.

११. गाणी थोडी, पण गोष्ट मोठी

जॅकने स्वतः रचलेली गाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मोठ्या संख्येने गाणी लिहिणाऱ्यांच्या त्या पिढीत हा अपवादच. पण त्यातली दोन ऐकायलाच हवीत. ‘अ कप ऑफ कॉफी’ हे रस्त्यात थांबलेल्या ट्रक ड्रायव्हरचे गाणे. जॉनी कॅशला ते इतके आवडले, की त्याने १९६६ च्या ‘एव्हरीबडी लव्ह्‌ज अ नट’मध्ये घेतले.

दुसरे ‘९१२ ग्रीन्स’. याला गाणे म्हणावे की गप्पा, हा प्रश्नच आहे. १९५३ मध्ये जॅक दोन मित्रांबरोबर दक्षिणेत फिरायला गेला आणि न्यू ऑर्लिन्सच्या तुलूझ स्ट्रीटवरच्या ९१२ क्रमांकाच्या घरात पोचला. त्या फेरीची हकिगत तो गिटारच्या एकाच संथ चालीवर नुसती बोलत जातो. अंगण येते, तीन पायांची मांजर येते, विषय भरकटतो, परत येतो, आणि मिनिटांमागून मिनिटे गेल्यावर अगदी शेवटी माणूस गायला तोंड उघडतो ते जेमतेम एखाद्या ओळीपुरते. ओडेटाच्या आईचे निरीक्षण किती अचूक होते, याचा पुरावा म्हणून ही ध्वनिमुद्रिका पुरेशी आहे. पण वुडीची बोलत गाण्याची पद्धत शिकून तिचे स्वतःचे असे काहीतरी केले ते जॅकने इथेच. हे बोलणे वुडीचे अजिबात वाटत नाही.

१२. उशिरा आलेली वरात

पैसा आणि प्रसिद्धी या दोघांनी जॅकला बराच काळ हुलकावणी दिली. मग एकदम रांगच लागली. १९९५ च्या ‘साऊथ कोस्ट’ला पारंपरिक लोकसंगीताचे ग्रॅमी. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते राष्ट्रीय कला पदक. आणि २००९ मध्ये ‘अ स्ट्रेंजर हिअर’, मंदीच्या काळातल्या ब्लूज गाण्यांचा अल्बम. वयाच्या अठ्ठ्याहत्तरीत त्यासाठी दुसरे ग्रॅमी, तेही लोकसंगीतासाठी नव्हे तर ब्लूजसाठी! नव्वदी ओलांडल्यावरही गडी हॅट चढवून मंचावर उभा राहत होता.

सगळेच गोड नाही. मुलगी आयाना एलियट हिने २००० मध्ये ‘द बॅलड ऑफ रॅम्ब्लिन जॅक’ हा माहितीपट केला. सनडान्स महोत्सवात त्याला परीक्षकांचे खास पारितोषिक मिळाले. त्यात तिची धडपड दिसते ती एकाच गोष्टीसाठी : लहानपणी वाट्याला न आलेल्या बापाशी एकदा तरी सरळ बोलता यावे. बाप मात्र कॅमेऱ्यासमोरही प्रश्नाला बगल देऊन दुसऱ्याच गोष्टीत शिरतो. हजारो श्रोत्यांना रिझवणारी ती सवय घरच्यांना किती महाग पडली असेल, हे तिथे न सांगता कळते.

जाता जाता चार चिमटी

• ‘यंग ब्रिगहॅम’ हे अल्बमचे नाव जॅकच्या घोड्याचे.

• क्रिस क्रिस्टोफरसनने १९७१ च्या ‘द पिल्ग्रिम’ या गाण्याआधी ज्यांच्यावरून ते सुचले त्यांची नावे घेतली आहेत. यादीत जॅक आहे.

• शहरातून आलेला तो एकटाच नव्हे. रेल्वेवरचे लाडके गाणे ‘सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स’ लिहिणारा स्टीव्ह गुडमन पक्का शिकागोकर होता. ते गाणे १९७२ मध्ये लोकप्रिय केले कुणी? आर्लो गथ्रीने!

• डोंगराळ ॲपलेशियाचा सूर जिच्या गळ्यात आहे असे वाटते ती गिलियन वेल्च जन्मली न्यूयॉर्कमध्ये आणि वाढली लॉस एंजेलिसमध्ये. १९९६ मध्ये तिचा पहिला अल्बम आला तेव्हा काही समीक्षकांनी याच मुद्द्यावर नाके मुरडली. जॅकला विचारले असते तर त्याने घोड्याची गोष्ट सांगायला घेतली असती.

ऐकायचे कुठून?

सुरुवात ‘जॅक टेक्स द फ्लोअर’पासून करावी, वुडीची सावली अंगावर घेऊन फिरणारा तरुण तिथे भेटतो. मग ‘यंग ब्रिगहॅम’, म्हणजे ‘९१२ ग्रीन्स’ आपोआप ऐकून होईल. शेवटी ‘अ स्ट्रेंजर हिअर’. पन्नास वर्षांच्या अंतराने केलेले हे अल्बम लागोपाठ ऐकले, की नक्कल कुठे संपली आणि गायक कुठे सुरू झाला, याचा शोध घेत बसण्यासारखे आहे. शिवण सापडली तर जरूर कळवा.